पराभवाची मजुरी

'जर्नीमन' हा शब्द बॉक्सिंगच्या रिंगणात येण्याआधी कित्येक शतके कारागिरांच्या दुनियेत होता. 'जर्नी' म्हणजे प्रवास, म्हणून गावोगाव हिंडणारा तो जर्नीमन, असा अर्थ पुष्कळ जण लावतात. तो बरोबर नाही. शब्दाचे मूळ फ्रेंच भाषेतल्या 'दिवस' या अर्थाच्या शब्दात आहे. उमेदवारी संपलेला, हातात कसब असलेला, पण स्वतःचे दुकान नसल्याने दुसऱ्याकडे रोजावर राबणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. बॉक्सिंगने हा शब्द उचलला तेव्हा त्याच्या अर्थाला फारसा धक्का लागला नाही. बोलावणे आले की जायचे, ठरलेल्या फेऱ्या लढायच्या, बहुधा हरायचे आणि त्या रात्रीची मजुरी घेऊन घरी यायचे.

त्याच्यासमोर उभा असतो 'प्रॉस्पेक्ट', म्हणजे उमेदीचा तरुण खेळाडू. त्याच्या नावापुढे विजयांचा आकडा आणि त्यापुढे एक शून्य असते. हे शून्य जपणे हाच एक धंदा आहे. जुन्या लढतींच्या नोंदी वाचण्याचा छंद मला बरीच वर्षे आहे. कोण जिंकले, यापेक्षा कोणाला कोणासमोर उभे केले गेले, हे पाहण्यात हळूहळू मला अधिक रस वाटू लागला. विजेत्यांची चरित्रे पुष्कळ आहेत. ते ज्यांच्यावर घडले, त्यांचा इतिहास मात्र नोंदवहीच्या पराभवाच्या रकान्यातूनच शोधावा लागतो. हेवीवेट गटात तो शोध विशेष बोलका ठरतो.

सुरुवात एका प्रसिद्ध नावापासून करू. रोम ऑलिम्पिकचे सुवर्णपदक घेऊन परतलेला अठरा वर्षांचा कॅशियस क्ले २९ ऑक्टोबर १९६० रोजी लुईव्हिल येथे पहिली व्यावसायिक लढत खेळला. हाच पुढचा मुहम्मद अली. समोर होता टनी हन्सेकर, वेस्ट व्हर्जिनियातल्या फेयेटव्हिल गावचा पोलीसप्रमुख. सहा फेऱ्या झाल्या आणि क्ले गुणांवर जिंकला. अलीच्या चरित्रांत हन्सेकरला एखादा परिच्छेद मिळतो आणि तो तिथेच संपतो. पण नोंदवहीत तो पुढेही चालतो. १९६२ मध्ये एका लढतीत त्याच्या मेंदूला जबर इजा झाली आणि तो नऊ दिवस बेशुद्ध होता. त्यानंतर तो पुन्हा रिंगणात उतरला नाही. अलीच्या पहिल्या विजयाची किंमत ही नव्हे; ती इजा वेगळ्या माणसाकडून, वेगळ्या रात्री झाली. पण दोन्ही रात्री हन्सेकर एकाच व्यवसायात राबत होता.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा. जर्नीमन हरतो, याचा अर्थ तो पैसे घेऊन मुद्दाम पडतो असा नाही. मुद्दाम पडण्याचा इतिहासही आहेच. १९३० मध्ये अमेरिकेत आलेल्या अवाढव्य इटालियन प्रिमो कार्नेराभोवती गुन्हेगारी टोळ्यांचे कोंडाळे होते आणि त्याच्या तिथल्या सुरुवातीच्या अनेक लढती आधीच ठरलेल्या होत्या, असे सर्रास मानले जाते. १९३३ मध्ये तो जगज्जेता झाला. बड शुलबर्गची 'द हार्डर दे फॉल' ही १९४७ची कादंबरी अशाच एका बनावट राक्षसाची गोष्ट सांगते. तो गुन्हा होता. जर्नीमनची गोष्ट निराळी आहे. त्याला हरायला कोणी सांगत नाही. तो हरेल असाच माणूस आधी शोधला जातो. वय किती, तयारीला दिवस किती, ठोशात दम किती, हे जोड लावणारा हिशेबाने पाहतो. कायदा कुठेच मोडत नाही आणि निकाल मात्र बहुतेक वेळा अपेक्षेप्रमाणेच लागतो.

ब्रिटनमधल्या छोट्या सभागृहांतल्या लढती पाहिल्या की हे गणित उलगडते. तिथे उमेदीचा खेळाडू स्वतः तिकिटे खपवतो. काका, मित्र, व्यायामशाळेतले सोबती, गल्लीतली पोरे असा त्याचा गोतावळा येतो. त्या पैशातून समोरच्याचे मानधन निघते. पाहुणा हरला तर पुढच्या वेळी तिकिटे पुन्हा खपतात. जिंकला तर एका पोराचे शून्य गेले आणि त्याच्यामागचे गिऱ्हाईकही गेले. चार-सहा फेऱ्यांच्या अशा लढतीत गुण देण्याचे काम एकटा पंच करतो. शिवाय एक नियम आहे. लढत मध्येच थांबवली गेली तर हरणाऱ्याला किमान २८ दिवस सक्तीची विश्रांती घ्यावी लागते. हा नियम त्याच्या प्रकृतीसाठी आहे आणि तो योग्यच आहे. पण रोजावर जगणाऱ्याला तो बुडालेल्या मजुरीसारखा भासतो. म्हणून जर्नीमनचे खरे कौशल्य असते ते गुणांवर हरण्याचे. अंग चोरायचे, मिठी मारायची, ठोसा कोपरावर झेलायचा, पोराला चार गोष्टी शिकवायच्या आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावात हजर राहायचे. बर्मिंगहॅमचा पीटर बकली असा ३०० लढती खेळला आणि त्यातल्या २५६ हरला. २००८ मध्ये त्याने शेवटची लढत जिंकून निवृत्ती घेतली.

बकली मात्र हलक्या वजनांचा. हेवीवेटला ही कला फारशी साधत नाही. २०० पौंडांच्या पुढे वजनाला मर्यादाच नाही. एक ठोसा चुकवायचा राहिला की हिशेब संपतो. त्यामुळे हेवीवेट जर्नीमनची कारकीर्द बहुधा हातपाय धड असलेल्या उतरंडीसारखी नसते. ती तुकड्यातुकड्यांनी मोडते. आणि त्याच कारणाने या गटात हिशेब उलटण्याची शक्यताही अधिक असते.

१४ जून १९३४ची रात्र घ्या. स्थळ न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीतले मैदान. मुख्य लढत कार्नेरा विरुद्ध मॅक्स बेअर. तिच्याआधी कॉर्न ग्रिफिन या चढत्या खेळाडूला चमकवायचे होते. आयत्या वेळी बोलावलेला माणूस होता जेम्स ब्रॅडॉक. त्याच्या नावावर वीसहून अधिक पराभव होते. हात मोडून घेऊन तो गोदीत हमाली करत होता आणि महामंदीत सरकारी मदतीवर घर चालवत होता. त्याने ग्रिफिनला तिसऱ्या फेरीत संपवले. जवळपास एका वर्षाने, १३ जून १९३५ रोजी, त्याने बेअरला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवून जगज्जेतेपद घेतले. घेतलेली सरकारी मदत त्याने परत केली. ही कथा चित्रपटामुळे सर्वांना ठाऊक झाली. ग्रिफिनचे काय झाले, हे विचारणारे मला क्वचितच भेटतात. घडवला जाणारा खेळाडू एका रात्रीत मोडतो, हा त्याच कथेचा दुसरा अर्धा भाग आहे.

५ डिसेंबर १९९८ रोजी कीव्हमध्ये असाच प्रकार घडला. अटलांटा ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता व्लादिमिर क्लिचको २४ लढतींत अपराजित होता. समोर अमेरिकेचा रॉस प्युरिटी, १३ पराभव पाठीशी असलेला. प्युरिटीने मार खाल्ला, पण तो उभा राहिला. क्लिचकोची दमछाक झाली आणि अकराव्या फेरीत लढत थांबवावी लागली. पुढे क्लिचको २००६ ते २०१५ सलग जगज्जेता राहिला. प्युरिटी पुन्हा रोजावरच गेला. त्या रात्री जिंकलेल्याचे आयुष्य बदलले नाही. हरलेल्याला मात्र दुसरी संधी मिळाली, कारण त्याच्यामागे पैसा आणि पदक होते.

आजची स्थिती याहून वेगळी नाही, फक्त रक्कम आणि स्थळ बदलले आहे. डिसेंबर २००४ मध्ये जन्मलेला ब्रिटनचा मोझेस इटाउमा हा सध्याचा सर्वांत चर्चेतला उमेदीचा हेवीवेट. जुलै २०२४ मध्ये त्याने पोलंडच्या ४४ वर्षांच्या मारिउश वाखला दुसऱ्या फेरीत संपवले. हाच वाख २०१२ मध्ये हॅम्बुर्गला क्लिचकोसमोर जगज्जेतेपदासाठी उभा राहिला, तेव्हा २७ लढतींत अपराजित होता. त्याचेही शून्य कोणीतरी असेच जपले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये रियाधला इटाउमाने ३७ वर्षांच्या डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत हरवले. तीन वर्षांपूर्वी व्हाइट वेम्बलीवर टायसन फ्युरीविरुद्ध जगज्जेतेपदासाठी लढला होता. काल ज्याच्यासाठी माणसे शोधली जात होती, तोच आज दुसऱ्यासाठी शोधला जातो. इटाउमाच्या गुणांबद्दल मला शंका नाही. पण या विजयांवरून तो किती मोठा हे ठरत नाही. वाख आणि व्हाइट किती थकले, एवढेच त्यातून नक्की कळते.

आणि थकणे ही इथे उपमा नाही. न्यू जर्सीचे विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच ठोशांनी मेंदूवर होणाऱ्या परिणामांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. म्हणजे हे जवळपास शंभर वर्षे माहीत आहे. जेरी क्वॉरी अली आणि फ्रेझर यांच्याशी लढलेला नामवंत हेवीवेट. १९९२ मध्ये, मेंदूची झीज सुरू झालेली असताना, तो कोलोरॅडोत पुन्हा रिंगणात उतरला. सहा फेऱ्या मार खाऊन हरला. मजुरी १,०५० डॉलर. १९९९ मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी तो गेला. शेवटच्या काळात त्याला साधी रोजची कामेही इतरांच्या मदतीने करावी लागत.

कारागिरांच्या श्रेणींनी निदान आजारी सोबत्यासाठी आणि त्याच्या विधवेसाठी पेटी ठेवली होती. बॉक्सिंगने शब्द घेतला, पेटी घेतली नाही. अपवाद म्हणून कॅलिफोर्निया राज्याचे नाव घ्यावे लागेल. तिथे १९८२ मध्ये व्यावसायिक बॉक्सरांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू झाला. तिकिटामागे थोडी रक्कम कापून तो चालतो आणि राज्यात ठराविक फेऱ्या लढलेल्याला वयाच्या पन्नाशीनंतर त्यातून पैसे मिळतात. विशेष म्हणजे तिथे जिंकल्या-हरल्याचा प्रश्न येत नाही; लढलेल्या फेऱ्या मोजल्या जातात. मला वाटते, इतिहास लिहिणाऱ्यांनीही तीच मोजणी करावी. अपराजित खेळाडूचे नाव लिहिताना त्याच ओळीत, तो ज्यांच्यावर शिकला त्यांची नावे, वये आणि फेऱ्या लिहाव्यात. त्या फेऱ्या त्यांनी खरोखर लढलेल्या आहेत.