न घडलेल्या समारंभाचा अहवाल
(माहितीपर लेखनाचे अध्यापन आणि वर्धा, १९३७)

बारावीच्या मराठी 'युवकभारती'त 'उपयोजित मराठी' या विभागात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख असे चार घटक आहेत. तेव्हा पदवीच्या पहिल्या वर्षाला येणारा विद्यार्थी माहितीपर लेखनाचा पाया घालून आलेला असतो, असे आपण गृहीत धरतो. याच विश्वासाने काही वर्षांपूर्वी आम्ही वर्गात एक स्वाध्याय दिला : आपल्या महाविद्यालयात झालेल्या वृक्षारोपण समारंभाचा अहवाल दीडशे शब्दांत लिहा. सगळे कागद वेळेवर आले. प्रत्येकात दीपप्रज्वलन होते, प्रमुख पाहुण्यांचे 'मोलाचे मार्गदर्शन' होते, 'खेळीमेळीचे वातावरण' होते आणि शेवटी आभारप्रदर्शन होते. अक्षर नेटके, परिच्छेद प्रमाणात. अडचण एवढीच होती, की त्या वर्षी महाविद्यालयात वृक्षारोपण झालेच नव्हते. तसे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही. आणि कबूल करायला हवे, की स्वाध्याय देताना ते आमच्याही ध्यानात आले नव्हते. प्रश्न एका जुन्या प्रश्नपत्रिकेतून जसाच्या तसा उचललेला होता.

हा प्रसंग सांगून विद्यार्थ्यांना हसण्याचा हेतू नाही. त्यांनी आम्ही मागितले तेच दिले. प्रश्न असा आहे, की अहवाल म्हणजे जे घडले त्याची विश्वासार्ह नोंद, ही त्या लेखनप्रकाराची मूळ अटच आपल्या अध्यापनातून कधी गळून पडली? त्याचा शोध घेताना मराठी गद्याच्या इतिहासाकडे वळावे लागते. आणि त्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान आमच्या अगदी जवळ, वर्ध्यातच लिहिले गेले आहे.

मराठीतील छापील गद्याच्या आरंभकाळात माहिती देणे हेच लेखनाचे प्रधान प्रयोजन होते. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. मराठी आणि इंग्रजी मजकूर त्यात शेजारी शेजारी छापला जाई. १८४० मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढले, ते तर ज्ञानविषयांसाठीच होते. जांभेकर स्वतः अध्यापक होते, आणि न समजलेली गोष्ट समजेल अशी सांगणे हे अध्यापकाचे व्यसन त्यांच्या गद्यात उतरले आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून मोलाचा प्रयोग पुढच्या पिढीचा. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक साहित्य-विज्ञान मंडळ स्थापन केले. त्याची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. सभेत निबंध वाचले जात, आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' या मासिकातून असे लेखन प्रसिद्ध होऊ लागले. या मांडणीत एक गोष्ट आपोआप साधली होती : लिहिणाऱ्यासमोर श्रोता बसलेला असे. निबंध परीक्षकाच्या पेटाऱ्यात जाऊन पडत नसे. ज्यांना तो विषय ठाऊक नाही अशा माणसांसमोर तो वाचावा लागे. या वर्तुळातले एक प्रमुख लेखक गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. शहराविषयी वाचकाला काय जाणून घ्यावेसे वाटेल हे ओळखून तेवढे नीट गोळा करून मांडण्याची ती वृत्ती आजही थक्क करते.

१८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली आणि मराठी गद्याचा सूर पालटला. निबंध आता माहितीपेक्षा मतासाठी आणि मतापेक्षाही कधी कधी शैलीच्या दिमाखासाठी वाचला जाऊ लागला. निरीक्षणाची परंपरा तुटली मात्र नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मधले शेतकऱ्याच्या घरादाराचे वर्णन पाहावे : तिथला संताप पाहिलेल्या वस्तूंच्या तपशिलावर उभा आहे. पुढे ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी लघुनिबंध लोकप्रिय केला आणि निबंध म्हणजे लेखकाच्या मनाचा मोकळा विहार ही कल्पना रुजली. हे वाङ्मय आपल्या जागी मोलाचे आहे. दोष घडला तो शाळेतल्या अनुकरणात. वर्गातल्या निबंधाने चिपळूणकरांची वाक्यरचना घेतली, विद्वत्ता सोडली. लघुनिबंधाचा लडिवाळपणा घेतला, अनुभव सोडला. ढगाकडेही न पाहता 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहिता येऊ लागला. आमच्या न घडलेल्या वृक्षारोपणाचे मूळ इथे आहे.

आता वर्ध्याकडे वळू. १९३७ च्या जुलैमध्ये अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. दारूबंदी करायची तर अबकारीचे उत्पन्न बुडते, आणि ते बुडाले तर शाळांना पैसा कुठून आणायचा, हा पेच उभा राहिला. गांधीजी तेव्हा शेगावी राहत होते. या शेगावाचे नाव सेवाग्राम झाले ते १९४० मध्ये. हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण द्यावे आणि त्या उद्योगातून शिक्षणाचा खर्च निघावा, हा विचार त्यांनी 'हरिजन'मधून मांडला. त्यावर चर्चा करण्यासाठी २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. तिने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. आर्यनायकम् दांपत्य, ख्वाजा गुलाम सय्यदैन, जे. सी. कुमारप्पा, किशोरलाल मश्रूवाला, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शाह यांच्याबरोबर काका कालेलकर आणि विनोबा भावे हे दोन मराठी भाषकही तिच्यात होते. समितीचा अहवाल २ डिसेंबरला, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, तयार झाला.

वर्धा योजना म्हटली की टकळी आणि सूत एवढेच आपल्याला आठवते. साहित्याच्या अध्यापकाने तिचा मातृभाषेचा भाग जरूर वाचावा. सात वर्षांच्या शिक्षणानंतर मुलाला काय काय यावे याची तिथे यादी आहे, आणि ती चकित करणारी आहे. आपल्या परिसरातील वस्तू, माणसे आणि घटना यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे. वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचून समजावे. पुस्तकाची अनुक्रमणिका, सूची आणि शब्दकोश वापरता यावा. रोजच्या घटनांचे साध्या, स्पष्ट शैलीत लेखी वर्णन करता यावे. आणि त्यासाठी दिलेले उदाहरण आहे गावातल्या सभेच्या वृत्तांताचे. खाजगी पत्र लिहिता यावे, साधे व्यवहाराचे पत्रही. नामवंत लेखकांचा परिचय आणि गोडी यादीत आहेच. पण ती या सगळ्याच्या सोबतीने. आपण ज्याला 'उपयोजित' म्हणून विभागाच्या कोपऱ्यात बसवतो, ते इथे भाषाशिक्षणाच्या ओसरीवर आहे.

वेळापत्रक पाहिले तर आणखी एक कोडे पडते. साडेपाच तासांच्या दिवसात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे, मातृभाषेला फक्त ४० मिनिटे. एवढ्या वेळात ही यादी कशी पुरी व्हावी? उत्तर असे, की भाषा त्या ४० मिनिटांपुरती कोंडलेली नव्हती. टकळीवर बसलेल्या मुलाला किती कापूस घेतला, किती वाया गेला, किती तार निघाले, सूत का तुटले याची नोंद ठेवावी लागे. ६४० तारांची एक गुंडी. पाच तार कमी भरले तर ते कमीच लिहावे लागत, कारण गुंडी समोर असे आणि कोणीही मोजून पाहू शके. पुढे सेवाग्रामच्या शाळेत रोजची दैनंदिनी आणि मुलांच्या आमसभेपुढे मांडायचे कामाचे अहवाल हा शिक्षणाचा नेहमीचा भाग झाला. सफाईची किंवा स्वयंपाकाची जबाबदारी ज्याच्याकडे, त्याने आपल्या कामाचा हिशेब सवंगड्यांना द्यायचा. खोटे लिहिले तर ऐकणारेच उठून सांगणार. एल्फिन्स्टनच्या सभेत श्रोता समोर होता. इथे श्रोत्याबरोबर वस्तूही समोर आली.

विनोबांचे समितीत असणे या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते. ते १९२१ मध्ये वर्ध्याला आले आणि १९२३ मध्ये इथूनच 'महाराष्ट्र धर्म' मासिक त्यांनी सुरू केले. त्यातील निवडक निबंध पुढे 'मधुकर'मध्ये आले. आखूड वाक्ये, व्यवहारातले दाखले, नेमका शब्द. सुताचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाचे हे गद्य आहे.

योजनेवर त्या वेळीही कठोर टीका झाली, आणि ती सगळी अनाठायी नव्हती. मुलांच्या श्रमावर शाळा चालवण्याच्या कल्पनेला खुद्द परिषदेत के. टी. शाह यांनी विरोध केला. स्वावलंबनाच्या अतिरेकाविषयी झाकिर हुसेन यांनीही शंका मांडली होती. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या हातकामच आले, त्यांच्या मुलांना शाळेतही तेच का, हा सवाल आजही टाळता येत नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली, हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. पण १९३९ मध्ये मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि पाठबळ गेले. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योगाच्या शाळा वाढल्या, मग हळूहळू नावापुरत्या उरल्या. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात 'कार्यानुभव' सुचवला. तो आपल्या पिढीने काडेपेटीच्या घरांच्या आणि रंगीत कागदांच्या रूपाने अनुभवला आहे. उद्योग गेला, आणि त्याच्याबरोबर नोंदही गेली. भाषेच्या तासाला मात्र अहवालाचा नमुना तेवढा उरला. सेवाग्रामला २००५ मध्ये 'आनंद निकेतन' ही शाळा पुन्हा सुरू झाली, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट.

टकळी वर्गात परत आणा, असे आम्हाला म्हणायचे नाही. त्या योजनेतून उचलण्यासारखा नियम एकच आहे : विद्यार्थ्याला जे ठाऊक आहे आणि वाचकाला ठाऊक नाही, तेवढेच लिहायला सांगावे, आणि तो वाचक खरा असावा.

आम्ही तो सावंगीत करून पाहिला. वर्ध्याहून यवतमाळ रस्त्याला लागले की सावंगी (मेघे) येते. इथले मोठे रुग्णालय विनोबांच्याच नावाचे आहे, आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतली माणसे तिथे उपचाराला येतात. स्वाध्याय असा दिला : रस्त्यावर बसमधून एकटी उतरलेली, कधीच इथे न आलेली एक आजी आहे. तिला बाह्यरुग्ण विभागापर्यंत पोहोचायचे आहे. तिला वाचून दाखवता येईल अशा दहा वाक्यांत माहिती लिहा. पहिल्या खेपेला बहुतेकांनी 'सावंगी हे वर्धा जिल्ह्यातील एक महत्त्वाचे वैद्यकीय केंद्र आहे' असे लिहिले. आम्ही विचारले, आजी या वाक्यावर कोणत्या बाजूला वळेल? वर्ग हसला, आणि मग मुले कागद घेऊन खरोखर ती वाट चालून आली. दुसऱ्या खेपेच्या लेखनात विशेषणे गळाली होती. एकाने लिहिले, की आधी केसपेपर काढावा लागतो, म्हणून पहिल्यांदा त्या खिडकीची चौकशी करा, डॉक्टरांची नंतर. माहितीचा क्रम वाचकाच्या गरजेवरून ठरतो, हे सूत्र आम्हाला फळ्यावर लिहावे लागले नाही.

नंतर 'मला येणारे एक काम' असा विषय दिला. एका मुलीने कापूस वेचणीवर लिहिले. सकाळी पऱ्हाटीवर दव असते. ओला वेचला तर कापूस साठवणीत पिवळा पडतो, म्हणून मालक थोडे थांबा म्हणतो. पण मजुरी किलोवर असते, म्हणून बायांना लवकर वेचणी सुरू करायची असते. कवडी कापूस वेगळा ठेवावा लागतो, त्याने वेळ जातो. सव्वा पानाचा मजकूर. 'शेतकरी हा जगाचा पोशिंदा' हे वाक्य त्यात नव्हते. तिच्या वर्गातल्या शहरी मुलांनी तिला प्रश्न विचारले : वजन कोण करतो, काटा कुणाचा? तिने ती उत्तरे नंतर मजकुरात घातली. मराठीच्या तासाला तिला कोणी माहिती विचारण्याची ती पहिलीच वेळ होती, असे तिने मागाहून सांगितले.

हे ऐकून आम्हाला बरे वाटले आणि वाईटही. बारा वर्षे मराठी शिकलेल्या मुलीजवळ एवढी माहिती होती, आणि आपण तिच्याकडून न झालेल्या समारंभांचे अहवाल लिहून घेत होतो. कल्पित समारंभाचा अहवाल लिहायला शिकलेली मुले उद्या ग्रामसेवक होतील, पत्रकार होतील, शिक्षक होतील. न झालेल्या ग्रामसभेचा वृत्तांत लिहिताना त्यांचा हात अडखळावा असे वाटत असेल, तर तो वर्गातच अडखळायला हवा.

आता वृक्षारोपणाचा प्रश्न आम्ही दर वर्षी पहिल्याच आठवड्यात विचारतो, मुद्दाम. गेल्या खेपेला मागच्या बाकावरून एक हात वर आला : 'सर, पण ते झालं कधी?' त्या दिवशी पुढचा धडा सुरू करायला हरकत उरली नाही.