रस्त्यावरील छायाचित्रणासाठी भिंगाची निवड

रस्ते, बाजार, रेल्वे स्थानके, घाट, जत्रा अशा सार्वजनिक ठिकाणी चाललेले जीवन कोणतीही पूर्वरचना न करता टिपणे, या छायाचित्रणाच्या शाखेस रस्त्यावरील छायाचित्रण असे म्हणतात. या शाखेसाठी भिंग, म्हणजेच व्यवहारातील 'लेन्स', निवडताना नाभीय अंतर, छिद्राचा आकार, वजन आणि कॅमेऱ्यातील संवेदकाचा आकार या बाबी विचारात घ्याव्या लागतात. २८, ३५ आणि ५० मि.मी. नाभीय अंतराची भिंगे या कामी सर्वाधिक वापरली जातात. चर्चा बहुधा किंमत आणि काचेच्या गुणवत्तेची होते. प्रत्यक्षात मात्र या निवडीने छायाचित्रकार माणसांपासून किती दूर उभा राहणार हे ठरते आणि चित्राचे स्वरूप बऱ्याच अंशी त्या अंतरावर अवलंबून असते.

नाभीय अंतर आणि उभे राहण्याचे अंतर

शालेय विज्ञानात बहिर्गोल भिंगाच्या धड्यात येणारे नाभीय अंतर आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर कोरलेला मि.मी.चा आकडा या संकल्पना एकच आहेत. फरक इतकाच की कॅमेऱ्याचे भिंग एका काचेचे नसून अनेक काचांच्या जुळणीने बनलेले असते. नाभीय अंतर जितके कमी, तितका दृश्यकोन मोठा. ३६ × २४ मि.मी. आकाराच्या चौकटीवर, जिला 'फुल फ्रेम' म्हणतात, २८ मि.मी.च्या भिंगाचा कर्णावरील दृश्यकोन सुमारे ७५ अंश, ३५ मि.मी.चा ६३ अंश, ५० मि.मी.चा ४७ अंश, तर ८५ मि.मी.चा सुमारे २८ अंश असतो.

अंशांपेक्षा पावलांचा हिशेब अधिक उपयोगी पडतो. १.७ मीटर उंचीची उभी व्यक्ती आडव्या चौकटीत डोक्यापासून पायापर्यंत नेमकी मावावी असे धरले, तर २८ मि.मी.च्या भिंगाने तिच्यापासून सुमारे २ मीटरवर, ३५ मि.मी.ने अडीच मीटरवर, ५० मि.मी.ने साडेतीन मीटरवर आणि ८५ मि.मी.ने ६ मीटरवर उभे राहावे लागते. २०० मि.मी.च्या भिंगासाठी हेच अंतर १४ मीटरच्या पुढे जाते. दोन मीटरवर उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला समोरचा माणूस पाहू शकतो, हसू शकतो, हात हलवून नकार देऊ शकतो किंवा चार शब्द सुनावू शकतो. चौदा मीटरवरच्या छायाचित्रकाराचा त्याला बहुधा पत्ताही नसतो.

येथे एक रूढ गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. विशालकोनी भिंग नाक मोठे दाखवते आणि दूरभिंग मागची इमारत जवळ ओढून आणते, असे म्हटले जाते. वस्तुतः जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्पर प्रमाण केवळ छायाचित्रकार कोठे उभा आहे यावरून ठरते. एकाच जागी उभे राहून २८ मि.मी. आणि ८५ मि.मी. अशी दोन भिंगे वापरली आणि पहिल्या चित्राचा मधला भाग कापून मोठा केला, तर दोन्ही चित्रांतील प्रमाण तंतोतंत जुळते. नाक मोठे दिसते याचे कारण आपण फार जवळ गेलेलो असतो. मात्र विशालकोनी भिंगाने टिपलेल्या चित्राच्या कडेला आलेले चेहरे ताणल्यासारखे दिसतात, हे खरे आहे. त्यामुळे २८ मि.मी. वापरताना माणसे चौकटीच्या अगदी कोपऱ्यात येऊ न देणे श्रेयस्कर.

५० मि.मी.चे भिंग मानवी डोळ्याप्रमाणे पाहते, हे विधानही सैलपणे केले जाते. डोळ्याचे क्षेत्र त्याहून कितीतरी विस्तृत असते. ३६ × २४ मि.मी. चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मि.मी. भरतो आणि कर्णाच्या आसपासचे नाभीय अंतर असलेल्या भिंगाने घेतलेले चित्र नेहमीच्या अंतरावरून पाहताना स्वाभाविक वाटते, एवढाच त्याचा अर्थ.

इतिहास

ऑस्कर बार्नाक यांनी रचलेला लायका हा छोटा कॅमेरा १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत जत्रेत सादर झाला. त्याला ५० मि.मी.चे एफ/३.५ भिंग कायमचे जोडलेले होते. भिंग बदलण्याची सोय १९३० मध्ये आली. त्यामुळे या शाखेच्या आरंभकाळात ५० मि.मी. ही निवड नसून उपलब्धता होती, हे ध्यानात ठेवावे लागते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी मात्र पुढे अन्य भिंगे हाताशी असतानाही मुख्यतः ५० मि.मी.च वापरले. ते अंगावर चालून जाणारे छायाचित्रकार नव्हते. योग्य पार्श्वभूमी शोधून थांबायचे आणि माणूस तिच्यात येऊन चौकट पूर्ण होईपर्यंत वाट पाहायची, या त्यांच्या पद्धतीला साडेतीन-चार मीटरचे अंतर मानवत असे. कॅमेऱ्याच्या चकाकीने कोणाचे लक्ष जाऊ नये म्हणून ते त्यावर काळी पट्टी चिकटवीत. १९४७-४८ मध्ये ते भारतात होते. महात्मा गांधींची त्यांनी हत्येच्या थोडेच आधी घेतलेली आणि नंतर अंत्ययात्रेची घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत.

१९५४ च्या लायका एम३ या कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकात ५०, ९० आणि १३५ मि.मी.च्या चौकटी आखलेल्या होत्या. ३५ मि.मी.ची चौकट त्यानंतरच्या एम२ मध्ये आली आणि ते भिंग वृत्तछायाचित्रकारांत व रस्त्यावर काम करणाऱ्यांत रूढ झाले. न्यूयॉर्कच्या जोएल मायरोविट्झ यांचे बरेचसे काम ३५ मि.मी.चे आहे. त्यांचे समकालीन गॅरी विनोग्रँड यांनी २८ मि.मी. घेऊन गर्दीच्या आत शिरणे पसंत केले. त्यांच्या चित्रांत एकाच चौकटीत पाच-सहा स्वतंत्र घटना चाललेल्या दिसतात आणि क्षितिज बहुधा तिरके असते. जपानमधील दाइदो मोरियामा यांनी २८ मि.मी.चे भिंग असलेले रिको जीआर मालिकेतील खिशात मावणारे कॅमेरे वापरले.

न्यूयॉर्कच्याच सॉल लायटर यांचे उदाहरण या सर्वांच्या उलट आहे. ९० आणि १५० मि.मी.सारख्या लांब भिंगांनी त्यांनी ओल्या काचा, छत्र्या, बर्फ आणि दुकानांच्या पाट्या यांचे थर एकावर एक रचले. त्यांच्या रंगीत चित्रांतील माणूस अनेकदा ओळखूही येत नाही. केवळ लाल छत्री किंवा टोपीची कड दिसते. लांब भिंग रस्त्यावर वापरूच नये, असा नियम सांगणाऱ्यांनी ही चित्रे अवश्य पाहावीत.

भारतात रघुबीर सिंग यांनी रंगीत छायाचित्रांतून रस्त्यावरील गर्दीचे अनेक पदर एका चौकटीत बांधले. मुंबईवरील त्यांचे पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. रघु राय यांचे १९९५ चे चर्चगेट स्थानकाचे छायाचित्र भिंगाच्या संदर्भात वेगळ्या कारणाने अभ्यसनीय आहे. शटर अधिक वेळ उघडे ठेवल्याने त्यात लोकलमधून उतरलेली गर्दी धुरासारखी वाहत गेली आहे आणि वृत्तपत्र वाचणारी माणसे तेवढी स्थिर राहिली आहेत. अशा चित्राला अधिक प्रकाश आत घेणारे महागडे भिंग लागत नाही. उलट प्रकाश अडवावा लागतो.

छिद्र आणि स्पष्टतेची खोली

भिंगाच्या छिद्राचे माप एफ-अंकात सांगतात. अंक जितका लहान, तितके छिद्र मोठे. एफ/१.४ चे भिंग एफ/२ च्या दुप्पट प्रकाश आत घेते, पण त्यासाठी वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. नवशिके एफ/१.४ वर लोभावतात. मात्र ५० मि.मी.च्या भिंगाने एफ/१.४ वर दोन मीटरवरील माणूस टिपला, तर स्पष्टतेची खोली अवघी १३ सें.मी.च्या आसपास राहते. डोळे स्पष्ट येतात, परंतु मागचा रस्ता विरघळून जातो. भाजीवाली स्पष्ट आणि मंडई अस्पष्ट, असे चित्र व्यक्तिचित्र म्हणून चांगले असेल, पण त्यातून रस्ता हरवलेला असतो.

म्हणून दिवसा एफ/८ च्या आसपास छिद्र ठेवून फोकस आधीच ठरावीक अंतरावर लावून ठेवण्याची रीत आहे. ३५ मि.मी.चे भिंग एफ/८ वर ३ मीटरला लावले, तर सुमारे १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंतचे सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. कॅमेरा डोळ्याला लावल्याक्षणी केवळ बटण दाबायचे उरते. २८ मि.मी.ने हीच कक्षा सुमारे १.६ मीटरपासून जवळजवळ क्षितिजापर्यंत पसरते, तर ५० मि.मी.ने २.३ ते ४.२ मीटर इतकी आक्रसते. ५० मि.मी. वापरणाऱ्यास अंतराचा अंदाज अधिक काटेकोर असावा लागतो, तो यामुळे.

प्रकाशाचा हिशेबही सोपा आहे. आयएसओ ४०० ठेवल्यास भर उन्हात एफ/८ वर शटरचा वेग सुमारे १/१६०० सेकंद मिळतो. त्याच उन्हात वाड्याच्या किंवा चाळीच्या सावलीतील बोळात तो १/२०० ते १/१०० सेकंदावर येतो. चालता माणूस न हलता यायचा तर साधारण १/२५० सेकंद हवा, म्हणून सावलीत आयएसओ ८०० किंवा १६०० करावा. सूर्यास्तानंतर मात्र एफ/२ चे भिंग खरोखर कामी येते.

संवेदकाचा आकार

भिंग खरेदी करताना विद्यार्थ्यांकडून होणारी सर्वांत सामान्य चूक याच बाबतीत होते. वर दिलेले सर्व आकडे ३६ × २४ मि.मी.च्या संवेदकाचे आहेत. विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा एपीएस-सी संवेदकाचा कॅमेरा असतो. त्यावर दृश्यकोन १.५ पट, कॅननच्या बाबतीत १.६ पट नाभीय अंतराच्या भिंगासारखा होतो. 'थोर छायाचित्रकार ५० वापरीत' असे वाचून ५० मि.मी. एफ/१.८ हे स्वस्त भिंग घेतले जाते आणि ते या कॅमेऱ्यावर ७५ ते ८० मि.मी.सारखे वागते. मग उभी व्यक्ती पूर्ण मावण्यासाठी पाच मीटरहून अधिक मागे जावे लागते. पुण्यातील पेठांच्या बोळात तितकी जागाच नसते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३५ मि.मी.सारखे दृश्य हवे असल्यास २३ किंवा २४ मि.मी.चे आणि ५० मि.मी.सारखे हवे असल्यास ३३ किंवा ३५ मि.मी.चे भिंग घ्यावे. मायक्रो फोर थर्ड्स संवेदकासाठी हा गुणक २ आहे.

बहुतेक मोबाइल फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा दृश्यकोन फुल फ्रेमवरील २४ ते २८ मि.मी.च्या दरम्यान येतो. म्हणजे विनोग्रँड यांच्या अंतरावर काम करण्याचा सराव काहीही खरेदी न करता सुरू करता येतो.

झूम भिंगे

एकाच भिंगात नाभीय अंतर बदलण्याची सोय असलेले झूम भिंग सोयीचे असते, यात शंका नाही. २४-७० मि.मी. एफ/२.८ या वर्गातील भिंगे मात्र पाऊण ते एक किलोच्या आसपास भरतात, तर ३५ मि.मी. एफ/२ चे स्थिर भिंग त्याच्या तृतीयांशाइतके किंवा त्याहूनही हलके असू शकते. वजनाशिवाय आकाराचाही परिणाम होतो. मोठे भिंग समोर आले की माणसे सावरून बसतात किंवा तोंड फिरवतात. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे १८-५५ मि.मी.चे झूम भिंग हलके असते. ते २३ मि.मी.वर ठेवून महिनाभर न फिरवता वापरले, तर पुढे कोणते भिंग घ्यावे याचा उलगडा बहुधा आपोआप होतो.

दूरभिंग आणि खाजगीपण

अमेरिकन छायाचित्रकार फिलिप-लॉर्का डिकोर्सिया यांनी १९९९ ते २००१ या काळात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये दुरून, लांब भिंगाने आणि उंचावर बसविलेल्या दिव्यांच्या प्रकाशात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे टिपले. चेहरे टिपले जात आहेत हे त्या माणसांना ठाऊक नव्हते. त्यांपैकी एका वृद्ध ज्यू गृहस्थांनी, हे आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध असल्याचे सांगून, दावा लावला. २००६ मध्ये न्यायालयाने छायाचित्र ही कलाकृती असल्याचे मान्य करून दावा फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला, तरी त्या गृहस्थांची तक्रार अर्थहीन ठरत नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. सार्वजनिक रस्त्यावर छायाचित्र घेण्यास सरसकट बंदी नाही, मात्र संरक्षणविषयक व प्रतिबंधित ठिकाणी ती आहे. भिंगाची निवड येथे पुन्हा महत्त्वाची ठरते. पदपथावर झोपलेल्या माणसाचे किंवा वारीत नदीकाठी स्नान करणाऱ्या स्त्रियांचे चित्र २०० मि.मी.च्या भिंगाने सहज घेता येते, आणि ते सहज घेता येते हाच त्यातील दोष आहे. तेच चित्र २८ मि.मी.ने घ्यायचे तर दोन मीटरवर जावे लागते. तेथे गेल्यावर कित्येकदा कॅमेरा वर उचलवत नाही. पालखी सोहळ्यात २८ किंवा ३५ मि.मी. घेऊन दिंडीबरोबर चालणाऱ्याला वारकरी 'माउली' म्हणून सामावून घेतात आणि पुढची चित्रे त्या ओळखीतून मिळतात.

हवामान व निगा

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत भिंगाचा खरा शत्रू बुरशी आहे. पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या भिंगाच्या आतील काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात आणि वेळीच साफ न केल्यास काचेवरील लेप कायमचा खराब होतो. चामड्याची पिशवी ओल धरून ठेवते, म्हणून भिंग तीत साठवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करावे. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून दमट रस्त्यावर येताच काचेवर बाष्प धरते. अशा वेळी भिंग पुसत न बसता पिशवीतच काही मिनिटे बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे.

जुने भिंग विकत घेताना एका बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. धुळीचे दोन-चार कण चित्रात दिसत नाहीत, पण तंतू किंवा दुधाळ धुरकटपणा दिसल्यास भिंग घेऊ नये. छिद्राचे कडे फिरवून पाती झटकन उघडमिट होतात की तेलाने चिकटतात, हेही तपासावे.