बोगद्यापुढचा उंचवटा

जिंतूर-जालना रस्त्यावरच्या चारठाण्यात बसून मोनॅकोच्या फॉर्म्युला वन मोटारशर्यतीवर लिहितो आहे, त्याला कारण आहे. रस्त्यावर माणूस कशाने मरतो आणि कशाने वाचतो, याचा इतका उघड दाखला मला दुसरा माहीत नाही. २८ मे २०११ रोजी मेक्सिकोचा २१ वर्षांचा ड्रायव्हर सर्जिओ पेरेझ मोनॅकोत कठड्यावर आदळला. त्या दिवसाचा हा घटनाक्रम. वेळा भारतीय आहेत, सत्रांच्या वेळापत्रकावरून धरलेल्या.

त्याआधी

पेरेझचा जन्म २६ जानेवारी १९९० चा, ग्वाडालाहारा शहरातला. पंधराव्या वर्षी तो शर्यतींसाठी घर सोडून एकटा जर्मनीला गेला. तिथल्या संघमालकाच्या रेस्टॉरंटमध्येच त्याची राहण्याची सोय होती. २०१० मध्ये फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवर, म्हणजे जीपी टू स्पर्धेत, तो दुसरा आला. मोनॅकोची मुख्य शर्यतही त्याने त्याच वर्षी जिंकली. २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या झाउबर संघाने त्याला फॉर्म्युला वनमध्ये घेतलं. १९८१ मध्ये हेक्टर रेबाके थांबला, त्यानंतर तीस वर्षांनी या शर्यतींत मेक्सिकोचा माणूस दिसला. २२ मे रोजी स्पेनमध्ये नववा येऊन त्याने पहिले दोन गुण मिळवले आणि आठवड्याच्या आत तो मोनॅकोत होता.

शनिवार, दुपारी २.३०

शेवटचं सराव सत्र सुरू होतं. मोनॅकोची शर्यत शहराच्या रोजच्या रस्त्यांवर होते. एक फेरी जेमतेम ३.३४ किलोमीटरची. समुद्राकाठच्या बोगद्यातून गाड्या ताशी २८० किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतात. अंधारातून एकदम उन्हात, पुढे उतार, रस्त्यात एक उंचवटा आणि लगेच डावी-उजवीकडचं अरुंद वळण. नेमका याच ठिकाणी ब्रेक दाबावा लागतो.

या सत्रात निको रोसबर्गची मर्सिडीज त्याच उंचवट्यावर सुटली, कठड्याला घासली आणि घसरत पुढे गेली. समोरचा अडथळा थोडक्यात हुकला. रोसबर्ग चालत बाहेर आला. धोका सगळ्यांनी पाहिला, पण पात्रता फेरीपर्यंत रस्ता होता तसाच राहिला.

सायंकाळी ५.३०

पात्रता फेरी सुरू झाली. तिचे तीन टप्पे असतात. पहिल्या दोन टप्प्यांत मागे पडलेले गळतात आणि तिसऱ्यात उरलेले दहा जण पहिल्या जागेसाठी झटतात. मोनॅकोत पुढची गाडी ओलांडणं फार अवघड, त्यामुळे रविवारचं निम्मं भवितव्य शनिवारीच ठरतं. जोखीम घ्यायची ती इथेच.

सायंकाळी ६ च्या सुमारास

दुसरा टप्पा. मधल्या फळीतल्या संघाच्या गाडीतून पेरेझ पहिल्या दहांत आला. दहावी जागा आता नक्की होती. जे मिळेल ते त्याच्या वर.

सायंकाळी ६.२०

तिसरा टप्पा, दहा मिनिटांचा. मेअखेरीस या वेळी चारठाण्यात उन्हं कलतात, मोनॅकोत ती दुपार होती.

सायंकाळी ६.२७

घड्याळात २ मिनिटं २६ सेकंद उरली होती. बोगद्यातून बाहेर पडल्यावर ब्रेक दाबताना पेरेझच्या गाडीचा मागचा भाग घसरला. गाडी उजव्या कठड्यावर आदळली आणि तिथून आडवी घसरत समोरच्या अडथळ्यावर बाजूने जाऊन धडकली. रोसबर्ग जिथे हुकला होता, तिथे पेरेझ सापडला.

लाल झेंडा लागला. डॉक्टर गाडीपाशी धावले. त्यांनी मान आणि पाठ सांभाळत त्याला बाहेर काढलं, मग रुग्णवाहिका निघाली. फेरी अर्ध्या तासाहून अधिक थांबली. पुन्हा सुरू झाल्यावर पहिली जागा सेबास्टियन व्हेटलची राहिली, पण त्या सायंकाळी सगळ्यांचं लक्ष इस्पितळाकडे होतं.

रात्री

इस्पितळातून निरोप आला: मेंदूला हादरा, मांडीला दुखापत, हाड मोडलेलं नाही.

तो का वाचला?

उत्तरासाठी मागे जावं लागतं. १ नोव्हेंबर १९६२ रोजी मेक्सिको सिटीत मेक्सिकोचाच ड्रायव्हर रिकार्डो रोद्रिगेझ सरावात असाच वेळ कमी करायला निघाला होता. वय २० वर्षं. आदल्या वर्षी इटलीत, आयुष्यातल्या पहिल्याच फॉर्म्युला वन शर्यतीत, तो पहिल्या रांगेतून सुटला होता. पेराल्टाडा वळणावर त्याची लोटस कठड्यावर गेली. मागचं सस्पेन्शन तुटलं असं मानतात. घरच्या लोकांसमोर तो गेला. थोरला भाऊ पेद्रो १९७१ मध्ये जर्मनीतल्या नोरिसरिंगवर गेला. मेक्सिको सिटीच्या शर्यतमार्गाला आज या दोघा भावांचं नाव आहे.

रिकार्डोत आणि पेरेझमध्ये धाडसाचा फरक नव्हता. फरक पडला तो मधल्या ४९ वर्षांत, आणि तो प्रत्येक अपघाताचा हिशेब ठेवल्यामुळे पडला. मोनॅकोच्या याच जागी १९९४ मध्ये कार्ल वेंडलिंगर आदळला आणि कित्येक दिवस बेशुद्ध राहिला. त्या वर्षीच्या अपघातांनंतर ड्रायव्हरच्या डोक्याभोवती जाड गादी आली. २००३ पासून मान सावरणारं उपकरण सक्तीचं झालं. चालकाभोवती कार्बन फायबरचा मजबूत सांगाडा आला, आणि कठड्यापुढे धडक शोषून घेणारे ठोकळे बसले. पेरेझच्या अपघातानंतर २०१२ मध्ये तिथला अडथळा मागे सरकवला गेला.

पेरेझ जूनमध्ये कॅनडाला गेला, पहिल्या सरावानंतर बरं वाटेना म्हणून थांबला आणि पुढच्या शर्यतीत परतला. २०२० मध्ये बहारीनच्या साखीरमध्ये पहिला विजय. २९ मे २०२२ रोजी, म्हणजे अपघाताला अकरा वर्षं आणि एक दिवस झाल्यावर, त्याने मोनॅकोची शर्यत जिंकली. २०२४ अखेरीस रेड बुल संघ सुटेपर्यंत त्याच्या नावावर सहा विजय होते.

आणि आपण

२०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. आपल्याकडे अपघात झाला की 'भरधाव होता' एवढं म्हणून विषय मिटतो. वेग हा दोष आहेच, पण त्याच वळणावर, त्याच अरुंद पुलावर, त्याच फाट्यावर दुसरा आणि तिसरा अपघात होतो तेव्हा दोष एकट्या चालकाचा राहत नाही.

म्हणून चारठाण्याला आणि प्रत्येक रस्त्याकाठच्या गावाला विनंती आहे. अपघाताची जागा, तारीख आणि वेळ ग्रामपंचायतीत लिहून ठेवा. एकाच जागेची दुसरी नोंद होताच ग्रामसभेत ठराव घ्या आणि कठडा, फलक, रात्री चमकणारे रिफ्लेक्टर यांची मागणी बांधकाम विभागाकडे लेखी करा. हेल्मेटशिवाय पोराच्या हाती गाडीची चावी देऊ नका. कुणी दगावेपर्यंत वाट पाहू नका. थोडक्यात हुकलेला अपघातही वहीत लिहा.