मोन्तोनेचे सूर्यघड्याळ

इटलीतील पेरुजिया शहर पाहण्यास पर्यटक लोटतात. उत्तरेकडील टेकडीवरच्या चिमुकल्या मोन्तोनेकडे त्यांतले थोडेच वळतात. मराठी माणसाने अवश्य वळावे. तेथील सूर्यघड्याळ हे रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक आहे.

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील यच्चयावत जवान ठार वा जखमी झाले. मराठा लाइट इन्फंट्रीचा हा २२ वर्षांचा नाईक, स्वदेश पारतंत्र्यात असलेला, एकटाच पुढे धावला. हातबॉम्बने मशीनगन निकामी केली, एका शत्रूस गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरण्यास उसंत नव्हती. बंदूक नळीकडून धरून तिच्याच घावांनी त्यांनी उरलेल्या दोघांना लोळवले. तेवढ्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्यांचा वेध घेतला.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोन्तोनेतील स्मारकास मात्र २०२३ साल उजाडले.