मेंढीच्या रक्तातून कर्करोगाकडे

एक्झोसोमचं कूळ शोधत मागे गेलं, की मेंढीच्या रक्ताशी येऊन थांबावं लागतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन कोवळ्या लाल पेशींचा अभ्यास करत होत्या. लोह आत घेण्यासाठी या पेशींना जे प्रथिन लागतं, ते पेशी जून झाल्यावर दिसेनासं होतं. ते जातं कुठे? १९८३ मध्ये उलगडा झाला. पेशी ते इवल्या पिशव्यांत भरून बाहेर टाकते. या पिशव्या म्हणजेच एक्झोसोम. पिशवी केवढी, तर साधारण मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसलाही हेच आढळलं. पेशीने काढलेला केर, यापलीकडे त्याला फारसं मोल कुणी दिलं नाही.

तेरा वर्षांनी हॉलंडमध्ये ग्रासा रापोझो आणि सहकाऱ्यांना दिसलं, की रोगप्रतिकारक बी पेशीही अशा पिशव्या सोडतात आणि त्या टी पेशींना चेतवतात. मग १९९८ मध्ये पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी संस्थेत लॉरेन्स झिटवोगेल यांनी डेंड्रिटिक पेशी निवडल्या. शत्रूचा तुकडा टी पेशींना दाखवणं हेच या पेशींचं काम. त्यांना कर्करोगाच्या गाठीतले तुकडे दिले, त्यांनी सोडलेले एक्झोसोम उंदरांना टोचले आणि आधीच रुजलेल्या गाठींची वाढ खुंटली, काही नाहीशाही झाल्या. जिवंत पेशी नाजूक. गाठ तिला निष्प्रभ करू शकते. एक्झोसोम मात्र गोठवून ठेवता येतात. माझ्या मते या कल्पनेची खरी हुशारी इथेच आहे.

माणसात मात्र गाडी अडली. २००५ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या पहिल्या छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष आले: उपचार सुरक्षित, गुण बेताचा. फुप्फुसाच्या कर्करोगावरची पुढची फ्रेंच चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण २२. निम्म्यांचा तरी आजार चार महिने वाढू नये, ही कसोटी होती. ती सातच जणांनी गाठली. टी पेशी फारशा जाग्या झाल्याच नाहीत. काही रुग्णांत जोर धरला तो ‘नॅचरल किलर’ पेशींनी, म्हणजे ज्यांच्यावर मुख्य भिस्त नव्हती त्यांनी! संशोधन आता या पेशींच्या एक्झोसोमकडेही वळलं आहे.

बाजाराला मात्र एवढा धीर नाही. मान्यता मिळालेलं एकही एक्झोसोम-उत्पादन नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्येच बजावलं होतं. तेव्हा कर्करोगावर एक्झोसोमचं इंजेक्शन कुणी पैसे घेऊन देऊ केलं, तर ही नोंदणीकृत चाचणी आहे का, हे आधी विचारा आणि आपल्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.