'पहिली' शस्त्रक्रिया कोणती?

हृदयातली गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली ती स्टॉकहोमच्या क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी, १६ जुलै १९५४ रोजी, असे पाठ्यपुस्तके सांगतात. खरे आहे, पण 'हृदयातली' या शब्दावर बोट ठेवून वाचले तरच. १९५२च्या 'जर्नल ऑफ थोरॅसिक सर्जरी'च्या तेविसाव्या खंडात ई. आर. मॉरर यांचा लेख आहे आणि त्याच्या मथळ्यातच 'यशस्वी' हा शब्द आहे. शस्त्रक्रिया १९५१ची. गाठ चरबीची, म्हणजे लायपोमा; जागा डाव्या निलयाची. (पुढच्या लेखांत हे नाव कुठे मॉरर, कुठे माउअर असे छापले आहे, शोधणाऱ्याने दोन्ही पाहावीत.) त्याही आधी, १९३६मध्ये, क्लॉड बेक यांनी उजव्या निलयाबाहेरचा टेराटोमा काढला होता.

मग मान क्राफूर्ड यांना का? उत्तर तारखांतच आहे. हृदय आणि फुप्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या यंत्रावरची, म्हणजे हार्ट-लंग मशीनवरची, पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात केली, ६ मे १९५३ रोजी. त्याआधी दोन वर्षे डावा निलय उघडून आत काम करण्याची सोयच नव्हती. तेव्हा मॉरर यांची गाठ हृदयाच्या बाहेरच्या अंगाला असणार, असेच मानावे लागते. लायपोमाच्या स्वभावाशी हे जुळते. तो आतल्या अस्तराखाली, स्नायूत किंवा बाहेरच्या आवरणाखाली वाढतो. भोवती पातळ वेष्टन असल्याने बाहेरचा लायपोमा बहुधा सोलून निघतो. आतला मात्र कप्पा उघडून, बुडासकट काढावा लागतो.

आत शिरण्याचे धाडस क्राफूर्ड यांच्याआधी बाल्टिमोरला बान्सन आणि न्यूमन यांनी केले. हृदयाकडे येणाऱ्या महाशिरा थोडा वेळ रोखून त्यांनी उजव्या अलिंदातला मिक्सोमा काढला. रुग्ण महिनाभरही जगला नाही.

क्राफूर्ड यांच्याकडे मात्र हार्ट-लंग मशीन होते. चाळीस वर्षांच्या एका स्त्रीच्या डाव्या अलिंदातला मिक्सोमा त्यांनी काढला आणि ती वाचली. गंमत म्हणजे याची हकीकत छापून आली ती डेट्रॉइटमधल्या एका परिषदेच्या १९५५च्या इतिवृत्तात, मायट्रल झडपेच्या शस्त्रक्रियेवरील चर्चेत! त्यात नवल नाही. अलिंदातली गाठ झडपेच्या वाटेत आली की लक्षणे झडप आकसल्यासारखीच दिसतात.

कागदपत्रांचा निवाडा एवढाच : क्राफूर्ड यांच्या नोंदीत 'पहिली' या शब्दाआधी 'कप्प्याच्या आतली' हे शब्द हवेतच.