बधिर हाताचें निदान : एक शतकाची वाटचाल

मध्यरात्रीं हाताला मुंग्या येऊन झोप मोडावी, हात झाडल्यावर थोडें बरें वाटावें आणि सकाळीं सुईंत दोरा ओवतांना बोटें बधिर असावींत, ही तक्रार फार जुनी आहे. ‘हात अवघडला असेल’ एवढ्यावरच तिची बहुधा बोळवण होते. परंतु वैद्यकशास्त्रासही तिचें मूळ नेमकें ओळखण्यास जवळजवळ शतक लागलें, आणि त्या विलंबाचें मोल रोग्यांच्या हातांनीं दिलें.

इ. स. १८५४ मध्यें लंडनचे शस्त्रवैद्य जेम्स पॅजेट यांनीं गायज् हॉस्पिटलांतील एका रोग्याची हकीकत नमूद केली. मनगटाजवळचें हाड मोडून सांधलें होतें. पण सांधतांना फाजील वाढलेल्या हाडाखालीं ‘मीडियन’ नांवाचा मज्जातंतु दबला. अंगठा व शेजारचीं दोन बोटें यांवर व्रण पडले. मनगट वाकवून बांधलें कीं ते भरत; हात पुन्हां कामास लावला कीं उलटत. कार्यकारणसंबंध असा उघड दिसला. परंतु तो अपघातापुरताच मानला गेला.

१८८० सालीं बोस्टन येथील डॉ. जेम्स पटनम यांनीं ३७ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. मुंग्या रात्रीं येत. हात चोळल्यानें किंवा खाटेखालीं लोंबत ठेवल्यानें उतार पडे. पटनम यांनीं दोष रक्तवाहिन्यांकडे दिला. १८९३ मध्यें शुल्त्झे या जर्मन वैद्यांनीं या विकारास एक भारदस्त ग्रीक नांव दिलें. कारण मात्र अज्ञातच राहिलें.

तें कारण मनगटाच्या रचनेंत होतें. तेथें आठ लहान हाडें कमानीसारखीं मांडलेलीं असून तळव्याच्या बाजूनें त्यांवर एक चिवट पट्टा ताणलेला असतो. या बोगद्यांतून बोटें मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन मज्जातंतु जातात. कंडरांचीं आवरणें सुजलीं, तरी हाड सरकत नाहीं व पट्टा सैल होत नाहीं. चेपतो तो मज्जातंतु. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना त्याच्याकडे असते, करंगळीची नसते.

१९१३ मध्यें पॅरिसचे पिएर मारी व शार्ल फ्वा यांनीं ८० वर्षांच्या एका मृत वृद्धेचे हात तपासले. अंगठ्याखालचें मांस झडलें होतें. मज्जातंतु पट्ट्याच्या वर फुगलेला आणि खालीं बारीक झालेला आढळला. पट्टा वेळींच कापला असता, तर ही हानि टळली असती, असें त्यांनीं सुचविलें. सूचना मोलाची होती. पण तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. शस्त्रवैद्यांची दृष्टि मानेवर खिळली होती. तेथील जादा बरगडी काढणें, पुढें १९२७ पासून मानेचा एक स्नायु कापणें, असे उपाय चालत. आणि दुखणें मनगटांत असलें, तर तें तसेंच राही.

१९३३ मध्यें अमेरिकेंत जेम्स लर्मंथ यांनीं हा पट्टा कापल्याचें प्रसिद्ध केलें. १९४७ मध्यें रसेल ब्रेन व त्यांचे दोन सहकारी यांनीं ‘लॅन्सेट’ नियतकालिकांत सहा स्त्रियांची हकीकत दिली. कोणतीही मोडतोड नसतां मज्जातंतु बोगद्यांत दबतो, हें त्यांनीं दाखविलें. १९५० नंतर डॉ. जॉर्ज फेलन यांनीं मनगट मिनिटभर वाकवून पाहण्याची सोपी परीक्षा रूढ केली. १९५६ मध्यें सिम्प्सन यांनीं मनगटापाशीं मंदावणारा संदेश विद्युत्‌यंत्रानें मोजला.

तथापि प्रत्येक बधिर हात मनगटानेंच बिघडतो, असें नव्हे. करंगळीकडे मुंग्या येत असल्यास कोपरापाशीं, आणि कळ मानेंतून उतरत असल्यास मणक्यापाशीं शोध घ्यावा लागतो. मधुमेहांत बधिरता बहुधा पायांपासून सुरू होते. कातडीवर बधिर चट्टा असल्यास कुष्ठरोगाचा विचार करावा. त्यावर आज खात्रीचें औषध आहे. हात एकाएकीं लुळा पडून तोंड वाकडें झालें किंवा वाचा अडखळली, तर क्षणही न दवडतां रुग्णालय गांठावें. एरव्हीं मुंग्या कोणत्या बोटांत, कोणत्या वेळीं येतात व कशानें उतरतात, हें रोग्यानें नीट सांगावें. आणि वैद्यानें मानेकडे वळण्यापूर्वीं तें नीट ऐकावें.